‘सरळ पाणी घातलंय’ याबद्दल

नमस्कार साहेब,

आमच्या वाइनरीबद्दलचा तुमचा अभिप्राय वाचला. एक स्टार, आणि खाली: ‘2014 पासून येतोय. जुनी गोड लाल वाइन बंद करून चव बिघडवली. नवी आंबट आणि पाणचट, सरळ पाणी घातलंय. तळाला गाळ, बुचाला खडे. 620 ची बाटली आता 840 ला. मालक धड बोलत नाहीत.’ इतक्या वर्षांच्या गिऱ्हाइकाला हे लिहावंसं वाटलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. त्या दिवशी मी तुटक बोललो, तेही कबूल.

बाकी सगळं गिळलं असतं, पण ‘पाणी घातलंय’ हे काही गिळवत नाही. दूधवाल्याला म्हणतात तसं झालं हे. म्हणून थोडं सविस्तर लिहितो, राग मानू नका.

त्या रविवारी तुम्ही पडवीतल्या कोपऱ्यातल्या टेबलावर होता. साडेबारापासून लाइट गेलेली. आमचा जनरेटर टाक्यांच्या कूलिंगला जोडलाय, चाखायच्या बाटल्यांच्या फ्रिजला नाही, त्यामुळे शिराज, म्हणजे ती नवी लाल वाइन, गरमच ओतली गेली. ही चूक आमची. मग तुमचे मित्र गाडीतून थर्माकोलचा डबा घेऊन आले आणि प्रत्येक ग्लासात तीन-तीन खडे बर्फ पडला. मी ‘नको, असं करू नका’ म्हणालो, तेच बहुधा ‘धड बोलत नाहीत’मध्ये गेलं. त्यानंतर फोटो झाले, गप्पा झाल्या, आणि अर्ध्या तासानं तुम्ही ग्लास तोंडाला लावला. मे महिना, तीन खडे, अर्धा तास. पाणी कुणी घातलं ते मी लिहीत नाही. आम्ही नाही घातलं, एवढं लिहितो.

बर्फ सोडूनही ती तुम्हाला पातळ लागली असेल, तर त्याला कारण आहे. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर पलूसला वाइन पार्क झाला, त्या वाऱ्यात अण्णांनी खायच्या थॉमसन द्राक्षाचा एक तुकडा काढून वाइनची शिराज लावली. गाव हसलं. आमच्या खानापूर घाटमाथ्यावर द्राक्ष म्हणजे एक्स्पोर्ट, नाहीतर बेदाणा. पुढे 2008-09 च्या मंदीत माल उठेना, तेव्हा अण्णांनी लोकांना आवडेल अशी गोड करायला घेतली. द्राक्ष 25 ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) वेलीवर ठेवायचं, टाकी गार करून आंबणं मध्येच थांबवायचं, उरलेली गोडी तशीच ठेवायची, वर चवीसाठी ओक लाकडाच्या चिपा. त्या वाइनवर आमचं घर चाललं, पोरींची शिक्षणं झाली. तिला नावं ठेवणारा मी कोण? पण खरं सांगू का, ती शिराज कुठल्याही गावची असती तरी तशीच लागली असती.

थोरली मायक्रोबायोलॉजी करून आली आणि तिनं तीन हंगामांत हे सगळं उलटं केलं. आता 22 ब्रिक्सला तोडणी. फेब्रुवारीत पहाटे चारला, डोक्याला बॅटऱ्या लावून. इथं दिवसा ऊन भाजून काढतं, पण रात्री बाणूरगडाकडून येणारा वारा झोंबतो, त्यामुळे द्राक्षातलं आम्ल टिकून राहतं. तुम्हाला आंबट लागलं ते हेच. साखर सगळी आंबू देतो, चिपा बंद. जिभेवर जो दाटपणा जाणवायचा तो साखरेचा होता, साहेब. लेबल ताडून बघा: जुन्या गोडीत अल्कोहोल 11 टक्के, या ‘पाणचट’मध्ये 12.

बुचाचे खडे म्हणजे टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, द्राक्षातलेच. बाटली गार झाली की बसतात. पूर्वी टाकी शून्याखाली नेऊन आम्ही ते आधीच पाडून घ्यायचो आणि नंतर बारीक गाळायचो. आता गाळणं कमी केलंय, म्हणून तळाला थोडा गाळ. अपाय नाही. ओतताना शेवटचा घोट बाटलीतच ठेवायचा, हे आमच्या पोरानं तुम्हाला सांगायला हवं होतं. किमतीचं म्हणाल तर एका वेलीवर चाळीस घड ठेवायचो, आता पंचवीस. रस कमी, खर्च तेवढाच.

अण्णा 81 वर्षांचे आहेत. थोरलीनं तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं, तर ‘मी म्हणालो होतो’ एवढंच बोलले आणि बागेत निघून गेले. आता घरात दोन पार्ट्या आहेत.

तुम्हाला कल्पना नसेल, पण आमच्या नावावर सगळे मिळून 63 अभिप्राय आहेत. त्यात एका स्टारनं फरक पडतो. परवा कराडची बारा जणांची पार्टी येणार होती. ‘नवी आंबट आहे म्हणे’ म्हणून नाही आले.

फ्रिजला जनरेटरची लाइन घेतोय. गाळाबद्दल लेबलवर दोन ओळी टाकू. जरा गोडीकडे झुकणारी एखादी टाकी पुढच्या हंगामात करावी असं अण्णांचं चाललंय, बघू. पुन्हा आलात तर मी स्वतः ओतून देईन, पैसे नकोत. फक्त बर्फ आणू नका, ही विनंती.

आणि तुमच्या त्या डब्याचं झाकण इथंच राहिलंय. ऑफिसात ठेवलंय, कुणी इकडे येणार असेल तर सांगा, देऊन टाकतो.