आधी सांगा, रकाने कोणते असतील?

राष्ट्रीय ओळखपत्र सक्तीचं करण्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: ‘ज्यानं काही केलं नाही, त्यानं कशाला घाबरायचं?’ ते ऐकलं की माझा जीव तुटतो.

१९९४ मध्ये आफ्रिकेतल्या रवांडात तुत्सी लोकांचा वंशसंहार झाला, तेव्हा ठिकठिकाणी रस्ते अडवून येणाऱ्या-जाणाऱ्यांची ओळखपत्रं तपासली जात होती. त्यावर वांशिक गटाचा रकाना होता. तिथे ‘तुत्सी’ दिसलं की माणूस संपला. हा रकाना मारेकऱ्यांनी छापून घेतला नव्हता. तो १९३० च्या दशकात, बेल्जियमच्या अमलात आला होता. साठ वर्षं तो कार्डावर तसाच राहिला. काय केलं होतं हो त्या लोकांनी?

म्हणून कार्ड हवं की नको हे नंतर. त्यामागच्या नोंदवहीत काय काय लिहिणार आणि ती कोण उघडणार, ते आधी ठरू दे. कायद्यात, स्पष्ट शब्दांत.

ब्रिटनमध्ये १९३९ साली युद्धासाठी म्हणून ओळखपत्रं आली. युद्ध संपलं, कार्डं राहिली. डिसेंबर १९५० मध्ये क्लॅरेन्स विलकॉक गाडी चालवत असताना पोलिसानं अडवून कार्ड मागितलं. त्यानं साफ नकार दिला. खटला तो हरला; पण सरन्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड यांनीच सुनावलं की युद्धकाळातला कायदा असा वापरत राहिलात तर सरळमार्गी माणसंच गुन्हेगार ठरतील. फेब्रुवारी १९५२ मध्ये कार्डं गेली. २००६ मध्ये पुन्हा तसा कायदा झाला, तोही चार-पाच वर्षांत रद्द करून जमवलेली माहिती नष्ट करावी लागली.

ओळखच नको, असं मी म्हणत नाही. ज्याच्या जन्माची नोंद नाही त्याचं शाळेपासून वारसाहक्कापर्यंत सगळीकडे अडतं. त्याच्या हातात कागद पडलाच पाहिजे. एस्टोनियात २००२ पासून कार्ड आहे, आणि आपली माहिती सरकारात कोणी पाहिली हे नागरिकाला स्वतः तपासता येतं. असं असेल तर मी पहिली रांगेत उभी राहीन.

पण अजून एक. ओळख बोटांच्या ठशांवरून पटवायची, तर राबणाऱ्या हातांचे ठसे झिजतात, म्हातारपणी पुसट होतात. अंगठा ठेवायचा, पदराला पुसायचा, पुन्हा ठेवायचा, मागे रांग खोळंबलेली. शेवटी उत्तर काय, तर ‘जुळत नाही’. अशा वेळी त्या बाईला परत न पाठवता तिचं काम करून द्यायचा अधिकार खिडकीपलीकडच्या माणसाला कायद्यानं द्या. तोवर माझा या सक्तीला विरोध आहे.