जॅकेटची चेन आणि चार रेघी वही

गेल्या महिन्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वहिनीने भाचीच्या वहीचा फोटो टाकला. सीनियर केजी, वय पाच. चार रेघी वहीत कर्सिव्हमधला 'बी' पानभर गिरवलेला आणि तळाला बाईंचा लाल शेरा: 'इम्प्रूव्ह हँडरायटिंग'. ग्रुप पेटला. काकांचं म्हणणं, पाया आत्ताच पक्का झाला नाही तर पुढे टिकणार नाही पोर. आतेभाऊ म्हणाला, नव्या धोरणात आठ वर्षांपर्यंत खेळातूनच शिकवायचं लिहिलंय, हे चाललंय ते बेकायदा आहे. (बेकायदा नाही. 2020 चं शैक्षणिक धोरण म्हणजे कायदा नव्हे, आणि शिक्षणहक्क कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो. केजी मधल्या फटीत राहते. पण ग्रुपवर आतेभावाच्या वाटेला कोण जाणार?) मग सगळ्यांना एकदम मी आठवले. "तू सांग ग, तिकडे काय करतात?"

बर्लिनमध्ये येऊन मला अकरा वर्षं झाली आणि या प्रश्नाचं माझं उत्तर पाठ आहे. इथे सहा वर्षांचं होईपर्यंत मुलांना लिहायला-वाचायला बसवत नाहीत, दिवसभर मातीत खेळतात, सगळं छान चाललंय. आतेभाऊ अंगठा दाखवतो, काका गप्प होतात. यात खोटं काही नाही, पण मी दरवेळी निम्मंच सांगते.

ते निम्मं खरंच छान आहे, म्हणून आधी तेच. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना किटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, जायला लागला. नोव्हेंबरातली दुपार होती. प्रत्येकाच्या खुंटीवर एकेक चित्र, याचं कासव. मुलं बागेत निघाली होती आणि हा जॅकेटची चेन लावत होता. मी पुढे वाकले, तशी तिथल्या ताईंनी हात जरासा वर केला. "तो करतोय." मी थांबले. चेनचं टोक खालच्या खाचेत बसेना. जीभ बाहेर, भुवया जवळ. बसलं, निम्म्यावर अडकलं. पुन्हा खाली, पुन्हा वर. चार मिनिटं लागली. मला ऑफिसची मीटिंग होती म्हणून मी घड्याळ बघत होते, त्यामुळे आकडा नक्की माहीत आहे. चेन गळ्यापर्यंत गेली आणि तो पळाला. टाळ्या नाहीत, व्हेरी गुड नाही, हातावर स्टार नाही. ताई पुढच्या मुलाकडे वळल्या होत्या.

काकडी चिरायला खरी सुरी, पाणी ओतायला काचेचा जग, सुताराचा छोटा हातोडा, हे सगळं तिथे होतं. पण मला महत्त्वाच्या वाटल्या त्या ताई. तीन-एक वर्षांचं रीतसर प्रशिक्षण घेऊन आलेल्या, वीस मुलांमागे त्या धरून तिघी. चार मिनिटं हात मागे घेऊन उभं राहणं त्यांना परवडत होतं. आणि आम्हालाही: बर्लिनमध्ये किटाला फी नाही, जेवणाचे तेवढे महिन्याला 23 युरो.

आता उरलेलं निम्मं. मुलगा सहाचा झाला, शाळेत गेला. पहिल्या दिवशी इथे मुलांना त्यांच्याच उंचीचा वाटावा असा पुठ्ठ्याचा शंकू खाऊ भरून देतात, तोही दिला. पालकसभेत बाईंनी सांगितलं, मुलं कानाला जसं ऐकू येतं तसं लिहितील. भिंतीवर चित्रांचा तक्ता होता, त्यावरून आवाज ओळखायचा आणि त्या आवाजाचं अक्षर मांडायचं. चुका दाखवायच्या नाहीत. दाखवल्या तर उत्साह मरतो. ऐकायला किती गोड! युर्गन रायशेन या स्विस शिक्षणतज्ज्ञाने ही पद्धत मांडली आणि जर्मनीत ती बऱ्याच शाळांत रुजली.

जर्मनमध्ये बाप म्हणजे 'फाटर' आणि मासा म्हणजे 'फिश'. कानाला दोन्हीकडे फ. लिहिताना बापाला व्ही आणि माशाला एफ. माझा मुलगा दोन वर्षं बापाला एफ लावत होता. वर्गातल्या जर्मन घरांतल्या मुलांच्या चुका दुसरीत कमी होत गेल्या आणि याच्या होईनात. का, ते मला फार उशिरा कळलं. त्या घरांमध्ये आई-आजी रात्री पुस्तक वाचताना सहज सांगत होत्या, अरे, हा व्ही. शाळा सांगत नव्हती ते घर भरून काढत होतं. आमच्या घरात भरून काढणार कोण? मलाच अर्ज लिहिताना जर्मनचं शुद्धलेखन तपासून घ्यावं लागतं. (मराठीत ऱ्हस्व-दीर्घ, श-ष असं थोडं सोडलं तर ही भानगड फारशी नाही, हे आपलं केवढं भाग्य, ते तेव्हा कळलं.)

बॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये 3 हजारांवर मुलांच्या शुद्धलेखनाचा अभ्यास जाहीर केला. साध्या अंकलिपीसारख्या क्रमिक पुस्तकावरून शिकलेल्या मुलांपेक्षा 'ऐकून लिहा'वाल्या मुलांच्या चुका चौथीच्या शेवटी सरासरी 55 टक्के जास्त निघाल्या. अभ्यासावर वाद झाले, अजून होतात, पण काही राज्यांनी ही पद्धत शाळांतून हद्दपार केली. आणि 2021 च्या आंतरराष्ट्रीय वाचन-चाचणीत जर्मनीत चौथीतलं साधारण चारातलं एक मूल किमान वाचनपातळीच्या खाली राहिलं. याचा दोष सगळा त्या एका पद्धतीवर टाकणं अन्याय होईल. कोविडची बंद शाळा होती, शिक्षकांची टंचाई होती. तरी काकांना आणि आतेभावाला मी हे आजवर सांगितलं नव्हतं.

म्हणून मला आता 'मुलाच्या कलाने' हे शब्द ऐकले की विचारावंसं वाटतं, कोणत्या मुलाच्या? ज्याच्या घरी पुस्तकं आहेत, वेळ असलेली आई आहे, त्याचं कशानेही निभावतं. पद्धतीचा कस लागतो तो ज्याच्या घरी यातलं काही नाही त्याच्यापाशी. बर्लिनमध्ये तसं घर माझं होतं, यात गंमतही आहे आणि थोडी बोचही.

गंमत अशी की मुलाच्या कलाने शिकवायची ही सगळी गोष्ट सुरूच तशा मुलांपासून झाली होती. मारिया मॉन्टेसरींनी 1907 मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मजुरांच्या मुलांसाठी पहिली बालशाळा काढली. आपल्याकडे गुजरातेतले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक 1945 मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर. मॉन्टेसरीची महागडी साधनं तिथे कोण आणणार? त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली; गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. 1975 मध्ये केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली आणि 'अंगणवाडी' हे नाव देशभर गेलं. आज भाचीच्या गावात मॉन्टेसरीची पाटी सगळ्यात जास्त फी घेणाऱ्या शाळेवर आहे, आणि ताराबाईंच्या त्या कल्पनेचं नाव लावणाऱ्या अंगणवाडीतल्या सेविका मुलांची वजनं करून ती मोबाइलवर भरत असतात, आहाराचं रजिस्टर ठेवत असतात, आणि उरलेल्या वेळात त्यांनी शिकवायचं. ग्रुपवरच्या भांडणात अंगणवाडीचा विषय कधीच निघत नाही. तिथे कोणाचंच मूल जात नाही ना.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीत मी एका शाळकरी मैत्रिणीच्या वर्गात जाऊन बसले होते. जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी तिच्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. सर त्या दिवशी निवडणुकीच्या कामाला, म्हणून चारही इयत्ता तिच्याकडे. 2015 च्या आसपास ज्ञानरचनावादाची, म्हणजे मुलाने स्वतः करून शिकावं या विचाराची, लाट आली तेव्हा रंगवलेली फरशी अजून होती, आकडे पुसट झालेले. ती म्हणाली, "फरशी रंगवून घ्यायला सगळे आले होते, फोटो काढायला सगळे आले होते. फरशीवर बसून काय करायचं ते सांगायला दोघं-तिघंच आले."

तिला मात्र ते माहीत होतं. बेचाळीस वजा सतरा. दुसरीतल्या एका मुलीपुढे आइस्क्रीमच्या काड्या, दहा-दहाचे रबर लावलेले चार गठ्ठे आणि दोन सुट्या. दोनातून सात जाईनात. मुलगी बसून राहिली. मैत्रीण बघत राहिली, एकीकडे चौथीला पाढे म्हणायला लावून. मग मुलीने एका गठ्ठ्याचं रबर ओढलं, ते तुटून तिच्या बोटाला लागलं, काड्या पसरल्या. बारा सुट्या झाल्या. मैत्रिणीने लगेच पाटीवर तेच मांडून दाखवलं: चाराचे तीन केले, दोनाचे बारा, आणि याला काय म्हणायचं ते सांगितलं. मी लहानपणी हजार वेळा 'हातचा' घेतला असेन आणि दिला असेन. हातच्यात हात आहे हे मला चाळिशीत, त्या रबरामुळे दिसलं.

इथे दोन गोष्टी झाल्या, हे मी तेव्हाच मनात टिपलं. तिने मुलीला रबर तोडू दिलं, आणि रबर तुटल्यावर ती गप्प बसली नाही. काड्यांवरून पाटीवर यायचा क्षण तिने मुलीच्या कलावर सोडला नाही. माझ्या मुलाच्या शाळेत पहिली गोष्ट भरपूर होती. भाचीच्या शाळेत फक्त दुसरी आहे, तीही काड्यांशिवाय.

बर्लिनला परतल्यावर मैत्रिणीला फोनवर सांगितलं की इथे बऱ्याच शाळांत पहिली-दुसरी मुद्दाम एकत्र बसवतात, मोठ्यांनी लहानांना शिकवावं म्हणून. ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "मग आमच्याकडे या म्हणावं, आम्ही चार-चार एकत्र बसवतो." मग विचारलं, तिथल्या बाईंना मधेच मतदारयादी करायला पाठवतात का. नाही पाठवत, म्हटलं. वर्गात बऱ्याच वेळा दुसरं मोठं माणूस असतं, हेही सांगितलं. त्यावर ती काही बोलली नाही.

वहिनीचा प्रश्न मात्र व्यवहारातला होता. पहिलीला शाळा बदलायची आहे, दोन शाळा मनात आहेत, दोन्हींच्या माहितीपत्रकात 'कृतीतून शिक्षण' लिहिलंय, ओळखायचं कसं? मी तिला म्हटलं, प्रयोगशाळा नको बघूस, स्मार्ट बोर्ड नको बघूस. डब्याच्या सुट्टीत जा आणि झाकणं कोण उघडतं ते बघ.

पहिल्या शाळेने सुट्टीत आत सोडलंच नाही. दुसरीतून संध्याकाळी तिचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला वेगळा: "मावशी उघडतात. सगळ्यांचे. पस्तीस डबे, दहा मिनिटांत. एका मुलीने स्वतः उघडला तर भाजी सांडली म्हणून बाई ओरडल्या." आणि मग, थोड्या वेळाने: "आपल्याकडे पण घरी मीच उघडते ग."