पासवर्ड कुणाकडे आहे?

गेल्या महिन्यात पर्यटनातल्या बायकांसाठी सोलापुरात एक ट्रेनिंग झालं. दोन तास रील कशी करायची तेच. ट्रेंडिंग ऑडिओ, हुक, कव्हर फोटो. शेजारी बसलेल्या ताई अक्कलकोटला भक्तांसाठी खोल्या चालवतात. हळूच म्हणाल्या, “रील करते की वो मॅडम, पण पेज भाच्याच्या मोबाईलवर हाय. त्यो पुण्याला असतोय.”

मला हसू आलं नाही, कारण माझंही तेच झालेलं.

स्टेशनजवळचं आमचं लॉज मी अकरा वर्षं सांभाळतेय. धोब्याकडे चादरी किती गेल्या इथपासून जीएसटीपर्यंत सगळं माझ्या डोक्यात. पण गूगल मॅपवरचं लॉजचं प्रोफाइल पुतण्याने उघडलेलं, स्वतःच्या जीमेलवर, वर स्वतःचाच नंबर टाकून. तो नोकरीला बंगळुरूला गेला. दत्तजयंतीच्या आदल्या रात्री गाणगापूरला निघालेलं एक कुटुंब पावणेबारापर्यंत त्या नंबरवर फोन करत राहिलं. फोन तिकडे सायलेंटवर. सकाळी ते समोरच्या लॉजमधून चहाला खाली उतरले, तेव्हा मला कळलं. माझ्या सहा खोल्या रिकाम्या होत्या.

रिव्ह्यूंची तर वेगळीच गंमत. एकाने एक स्टार देऊन लिहिलं, सकाळी सहाला गरम पाणी नव्हतं. खाली आमचं उत्तर: ‘थँक यू फॉर युवर व्हॅल्युएबल फीडबॅक.’ अरे बाबा! सोलर आहे, दोन दिवस ढग होते, काउंटरला सांगितलं असतं तर गॅसवर बादली तापवून दिली असती. हे पुतण्या कसं लिहिणार? त्याला ते पाणी कधी तापवावं लागलेलं नाही.

रीलला माझा विरोध नाही. हत्तरसंग कुडलला 1018 सालचा मराठी शिलालेख आहे, भीमा-सीनेच्या संगमावर, आणि पंढरपूर-अक्कलकोट-तुळजापूर करणाऱ्या बहुतेक गाड्या तिकडे वळतच नाहीत. मी अर्ध्या मिनिटाचा साधा व्हिडिओ टाकला, तर रस्ता विचारणारे मेसेज आले. पण मेसेज माझ्या फोनवर आले म्हणून उत्तर गेलं ना!

राज्य सरकारचं 2023 पासून महिलांसाठी ‘आई’ पर्यटन धोरण आहे. 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळतं. अट अशी की व्यवसाय बाईच्या मालकीचा हवा आणि तिनेच चालवलेला हवा. अट चांगलीच आहे. पण मोबाईलवरची मालकी कोण तपासणार? ट्रेनिंगचा पहिला तास खरं तर याच्यावर हवा होता: प्रोफाइलचा ओनर कोण, ओटीपी कुणाच्या नंबरवर येतो, तो माणूस उद्या रुसला किंवा गाव सोडून गेला तर काय.

पुतण्याने कुरकुर न करता मला ओनर केलं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. गूगल नव्या ओनरला सगळे अधिकार लगेच देत नाही, 7 दिवस थांबवतं. आठव्या दिवशी मी आधी नंबर बदलला, मग गरम पाण्याचं उत्तर.

अक्कलकोटच्या ताईंचा काल फोन आला. भाच्याकडे पासवर्ड मागितला, तर म्हणाला, “मावशी, तुला कशाला पाहिजे? मी आहे ना.”

येत्या गुरुवारी मी अक्कलकोटला जातेय. भाचाही दर्शनाला येणार आहे म्हणे.