गुरुत्व क्वांटम आहे का? ‘आकाशगंगेएवढा कोलायडर लागेल’ या दाव्याचा प्रतिवाद

‘गुरुत्वाकर्षण क्वांटम आहे का हे तपासायला आकाशगंगेएवढा कोलायडर लागेल, प्रयोगशाळेत ते कधीच कळणार नाही’ असा संदेश फिरतोय. (कोलायडर म्हणजे कणांना प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळवणारं यंत्र.) शेवटी पुस्ती जोडलेली असते: ‘तसंही ते 1975 मध्येच सिद्ध झालंय.’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. प्रत्यक्षात दोन्ही चुकीची आहेत.

‘कोलायडर लागेल.’ प्लांक ऊर्जा, म्हणजे जिथे गुरुत्वाचे क्वांटम परिणाम थेट दिसावेत ती प्रचंड ऊर्जा, गाठायची असेल तर हो. पण 2017 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ सौगतो बोस यांच्या गटाने, आणि स्वतंत्रपणे मार्लेटो व वेड्रल यांनी वेगळाच प्रश्न विचारला: दोन वस्तूंमध्ये निव्वळ गुरुत्वामुळे एंटँगलमेंट, म्हणजे दोघींच्या अवस्था एकमेकींत गुंतणं, होतं का? होत असेल तर गुरुत्व निव्वळ अभिजात (क्वांटम नसलेलं) नाही, असा त्यांचा युक्तिवाद. बोस गटाच्या आराखड्यात सुमारे 10⁻¹⁴ किलोचे दोन सूक्ष्म हिरे आहेत. जागेगणिक बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राने प्रत्येकाचं 250 मायक्रोमीटर रुंद सुपरपोझिशन करायचं (एकच हिरा एकाच वेळी दोन जागी; या दोन जागा म्हणजे त्याच्या शाखा), जवळच्या शाखांत 200 मायक्रोमीटर अंतर ठेवायचं, 2.5 सेकंद थांबायचं, शाखा परत जुळवून हिऱ्यांतले स्पिन (चिमुकल्या चुंबकासारखा क्वांटम गुणधर्म) मोजायचे. त्या जवळच्या शाखांची फेज, म्हणजे गुरुत्वामुळे क्वांटम लहर किती सरकते ते, Gm²t/ħd (m वस्तुमान, t वेळ, d अंतर; G आणि ħ स्थिरांक), म्हणजे जवळजवळ 0.8 रेडियन. मोजता येण्याजोगी.

‘मग झालं का नाही?’ हा आक्षेप मात्र रास्त आहे. 2019 मध्ये ज्या रेणूंचं सुपरपोझिशन दाखवलं गेलं ते 25,000 डाल्टनच्या आसपासचे, म्हणजे साधारण 4×10⁻²³ किलो. मधली दरी आठ शून्यांहून मोठी. 2.5 सेकंदांचं मुक्त पतन म्हणजे 30 मीटर उंची. दोन्ही हिऱ्यांवर एकेक जादा इलेक्ट्रॉन राहिला तरी विद्युत प्रतिकर्षण गुरुत्वाच्या 3×10¹⁰ पटींहून जास्त, त्यामुळे भार आधी काटेकोरपणे शून्यावर आणावा लागतो. अंतर 200 वरून 100 मायक्रोमीटर केलं तर गुरुत्वाची ऊर्जा दुप्पट होते, कॅसिमिर-पोल्डरची (भार नसलेल्या वस्तूंमधल्या विद्युतचुंबकीय आकर्षणाची) 128 पट. खोटं एंटँगलमेंट तिथूनच शिरतं. वायूचा एखादा रेणू आदळला तरी सुपरपोझिशन मोडतं, म्हणून निर्वात 10⁻¹⁵ पास्कलच्या घरातलं हवं. हे सगळं अवघड आहे, पण यात आकाशगंगा कुठेच येत नाही.

‘1975 मध्येच सिद्ध झालं.’ कोलेला, ओव्हरहाउझर आणि वर्नर यांनी न्यूट्रॉन इंटरफेरोमीटरमध्ये (न्यूट्रॉनची लहर दोन वाटांनी नेऊन पुन्हा जुळवणाऱ्या उपकरणात) पृथ्वीच्या गुरुत्वाने पडणारा फेजचा फरक मोजला. तिथे क्वांटम होता तो न्यूट्रॉन. गुरुत्वक्षेत्र अभिजात मानूनही तेच उत्तर येतं.

उलट टोकाचा उत्साहही नको. एंटँगलमेंट दिसलं तरी ग्रॅव्हिटॉन (गुरुत्वाचा कल्पित क्वांटम कण) हाती लागला असं होत नाही, आणि नाही दिसलं तर आधी उपकरणावरच संशय घ्यायचा: हिरे 100 मायक्रोमीटरवर आणून कॅसिमिर-पोल्डरचं एंटँगलमेंट तरी दिसतं का, ते पाहायचं.