सतराचा पाढा येतो का?

हॉटेल मॅनेजमेंट झालेला भाचा म्हणतो, "मामा, गोव्याला कसिनोत डीलर व्हायचंय." म्हणजे टेबलावर पत्ते वाटणारा, जिंकलेल्यांना पैसे मोजून देणारा. ताईने आठ दिवस त्याच्याशी अबोला धरलाय. जुगाराच्या अड्ड्यावर पोरगा, नातेवाइकांना काय सांगायचं!

मी बँकेत ३२ वर्षं कॅशियर होतो. दुसऱ्याचा पैसा मोजायचा, हात स्वच्छ ठेवायचे, आणि ते स्वच्छ आहेत हे चारचौघांत दिसूही द्यायचं. डीलरही टेबल सोडताना दोन्ही तळवे उलटेपालटे करून कॅमेऱ्याला दाखवतो. नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून सुटताना झडती द्यावी लागते, त्याची लाज कधी कुणाला वाटली? (लग्नाच्या बाजारात तर प्रेसवाल्याला केवढा भाव!)

मला राग आलाय तो क्लासवाल्याचा. कॉलेज रोडवरच्या एकाने भाच्याला ८० हजार फी सांगितली, "डीलर लायसन्ससकट". मी सोबत गेलो आणि विचारलं, लायसन्स देतं कोण? म्हणे, आमची संस्था. अहो, महाराष्ट्रात कसिनोच नाहीत! १९७६ साली कसिनोंना परवाने द्यायचा कायदा केला, तो कधी लागूच झाला नाही, २०२३ मध्ये रद्दही झाला. गोव्यात परवाना असतो तो धंदा चालवणाऱ्याचा, मग ते मांडवीतलं जहाज असो की पंचतारांकित हॉटेल. ब्रिटनमध्ये डीलरला स्वतःच्या नावाचा परवाना लागतो खरा, पण तो तिथलं गॅम्बलिंग कमिशन देतं. अमेरिकेतल्या नेवाडात सरकारी बोर्डाकडे नोंदणी होते. आणि चीनमधल्या ज्या मकाव या कसिनोंच्या शहराचे फोटो क्लासच्या भिंतीवर लावलेत, तिथे डीलरची नोकरी फक्त स्थानिकांनाच मिळते. फोटोखाली हे लिहायला जागा नव्हती बहुतेक.

शिकण्यासारखं मात्र खूप आहे. पत्ते पिसणं, पैशाच्या जागी वापरतात त्या चकत्यांचे एका हाताने सारखे गठ्ठे पाडणं, आणि मुख्य म्हणजे तोंडी हिशेब. पत्त्यांच्या खेळात ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पानांतच एकवीस) लागला तर पूर्वापार रीत दीडपटीची, म्हणजे आमच्या आजोबांच्या पाढ्यांतली दिडकी! रुलेटमध्ये, म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कुठल्या आकड्यावर थांबते त्या खेळात, नेमक्या आकड्यावर लावलेल्या चकतीला ३५ पट, दोन आकड्यांमधल्या रेघेला १७ पट, चौघांच्या कोपऱ्याला ८ पट. समोर गिऱ्हाईक ताटकळलेलं असताना हे कॅल्क्युलेटरशिवाय जमलं पाहिजे. गोव्यातली काही कसिनो नवख्यांना स्वतःच शिकवतात. आधी तिथे विचार, मग क्लासला पैसे दे, एवढंच मी त्याला सांगितलं.

तोवर सराव घरीच. काल जेवणाच्या टेबलावर खडूने चौकटी आखल्या, कॅरमच्या सोंगट्या मांडल्या. आकड्यावर तीन, रेघेवर दोन, कोपऱ्यावर एक. "बोल, किती द्यायचे?" पोरगं अडकलं. सतराचा पाढाच येईना.

स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "एकशे सत्तेचाळीस. आणि टेबल पुसून ठेवा."

अबोला मात्र अजून सुटलेला नाही.