निनावी वादळ आणि चंद्रावरचे सहाशे कोटी

चंद्रयानाचं कौतुक सुरू झालं की कोकणातल्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड डोकं वर काढतो. मजकूर थोडाफार बदलतो, सूर तोच. मे २०२५ मध्ये ‘शक्ती’ वादळ येणार म्हणून बोटी बंदरात बांधून ठेवायला लावल्या, वादळ काही आलंच नाही. चंद्रावर ६०० कोटी उडवणाऱ्यांना रत्नागिरीसमोरचं वादळ कळत नाही. यापेक्षा आमचे जुने तांडेल, म्हणजे होडी चालवणारे म्होरके, बरे, ढग बघून सांगायचे. खाली हात जोडलेले आणि पुढे पाठवा. यातला एकेक मुद्दा घेऊ.

पहिला: ‘शक्ती’ आलं नाही. बरोबर, आलं नाही, कारण हवामान खात्याने त्या वादळाला हे नाव दिलंच नव्हतं. उत्तर हिंदी महासागरात वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरपर्यंत गेल्याशिवाय वादळाला नाव मिळत नाही. १३ देशांनी सुचवलेली नावं यादीत आधीपासून असतात. पुढचं नाव ‘शक्ती’ आहे हे कुणीतरी वाचलं, समुद्रात ढग दिसले आणि परस्पर बारसं उरकलं. बारसं करणारे व्हॉट्सॲपवर होते, दिल्लीच्या वेधशाळेत नव्हते.

मग आलं काय? कर्नाटक-कोकणासमोर कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, ते वाढून डिप्रेशन झालं. डिप्रेशन म्हणजे वारा ताशी ३१ ते ४९ किलोमीटर. २४ मे रोजी दुपारच्या सुमारास ते रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे किनारा ओलांडून आत शिरलं. त्याच दिवशी मान्सून केरळात पोचला आणि २६ तारखेला मुंबईत, एरवी तिथे तो ११ जूनच्या आसपास येतो. अंगणात आमसुलं वाळत घातलेल्या आणि कौलं परतायची राहिलेल्या कुठल्याही घरात विचारा, ‘काहीच आलं नाही’ असं कुणी म्हणणार नाही.

खरं ‘शक्ती’ आलं ते ऑक्टोबर २०२५ मध्ये. चांगलं तीव्र झालं, पश्चिमेकडे गेलं, उलटं फिरलं आणि भर समुद्रात विरलं. कोकणाला त्याने हातही लावला नाही. घरात शिरलं ते निनावी, आणि आपण अजून नावावरून भांडतोय.

दुसरा मुद्दा लोकांना सगळ्यात जास्त पटतो: चंद्रावर यान उतरवता येतं, मग समोरचं वादळ का सांगता येत नाही? ऐकायला बिनतोड वाटतं. पण चंद्रावर हवा नाही. वारा नाही, ढग नाहीत, बाष्प नाही. चंद्र कुठल्या क्षणी कुठे असणार हे कितीतरी आधी काढता येतं. तरीही सप्टेंबर २०१९ मध्ये चंद्रयान-२ चा लँडर आपटला, आणि २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ चा विक्रम लँडर उतरला तो त्या अपघातातून शिकून. वाऱ्याचं तसं नाही. आजच्या मोजणीत राहिलेली बारीक चूक दोन दिवसांत शेकडो किलोमीटरची होऊ शकते.

त्यातही कमजोर वादळ जास्त छळतं. जोरदार वादळाला डोळा असतो, म्हणजे मधोमध ढग नसलेला गोल भाग. २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकलं तेव्हा केंद्र कुठे आहे हे चित्रात बघून सांगता येत होतं. डिप्रेशनला डोळा नसतो. वरच्या थरातला वारा त्याचे ढग एका बाजूला ढकलून देतो, आणि खालचं केंद्र त्या ढगांखाली असतं किंवा चक्क बाहेर पडलेलं असतं. इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस हे आपले हवामानाचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून दर थोड्या वेळाने चित्र पाठवतात, पण रात्रीच्या चित्रात दिसतो तो मुख्यतः ढगांचा माथा. पाण्यालगतचा वारा मोजायला ओशनसॅट-३ वरचं उपकरण आहे. मात्र तो उपग्रह सतत आपल्या डोक्यावर नसतो, आणि किनाऱ्याच्या अगदी जवळ जमिनीमुळे त्याची मोजणी बिघडते. मेमधलं डिप्रेशन नेमकं किनाऱ्याला चिकटून उभं होतं. गोवा आणि मुंबईच्या रडारांचं म्हणाल, तर त्यांचा किरण रत्नागिरीपर्यंत येईतो काही किलोमीटर उंच गेलेला असतो. म्हणून अंदाजाच्या नकाशावरची वादळाच्या वाटेची रेघ पुढे पुढे रुंद पट्ट्यासारखी होत जाते. तो पट्टा म्हणजे ‘इथे कुठेतरी’, आणि रत्नागिरी-दापोली त्या ‘कुठेतरी’तच येतं. हे मला लपवाछपवीपेक्षा प्रामाणिक वाटतं.

६०० कोटींचं लवकर उरकतो. चंद्रयान-३ चा खर्च साधारण ६१५ कोटी, हा आकडा खरा. पण हवामानाचे उपग्रह त्या पैशातून कापून उडवले नाहीत आणि चंद्रामुळे अडलेही नाहीत. चंद्रयान-३ उतरल्यावर सहा महिन्यांच्या आत, १७ फेब्रुवारी २०२४ ला, इन्सॅट-३डीएस उडाला, त्याचा खर्च पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने केला आणि प्रक्षेपक इस्रोचाच होता. आणि मासे कुठे मिळतील याचा हैदराबादहून येणारा सल्ला? तोही उपग्रहाने टिपलेल्या पाण्याच्या रंगावरून आणि तापमानावरूनच निघतो. केरळातल्या थुंब्याहून १९६३ मध्ये पहिलं रॉकेट उडालं तेच मुळी वरच्या हवेचा अभ्यास करायला.

आता तांडेल. त्यांच्या नजरेची टिंगल करणाऱ्यांतला मी नाही. खाडीच्या तोंडावर लाट कशी फुटते यावरून होडी आत घ्यायची की बाहेर थांबायचं हे त्यांनाच कळतं. पण ती नजर क्षितिजापर्यंतच जाते. २०२० चं निसर्ग वादळ घ्या: १ जूनला डिप्रेशन, ३ जूनला अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर. ३१ मेला किनाऱ्यावर उभं राहून ते कुणाला दिसलं असतं? नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं तेव्हा समुद्रात अनुभवी तांडेल कमी नव्हते, तरी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बोटी त्यात सापडल्या.

‘वादळ कमजोर होतं, मग बंदरावर तीन नंबरचा इशाऱ्याचा बावटा कशाला?’ असं एक शेपूट हल्ली फॉरवर्डला जोडलेलं असतं. तो बावटा वादळाच्या नावासाठी लावतच नाहीत. बंदरात सोसाट्याचा वारा होण्याची शक्यता आहे एवढंच तो सांगतो. ट्रॉलरला जो वारा नुसता त्रासदायक, तो छोट्या होडीला उलटवायला पुरतो. आणि वारा कमी म्हणजे पाऊस कमी हा हिशेबही चुकीचा आहे.

तरी या फॉरवर्डमागचा राग खोटा नाही. १ जूनपासून मासेमारी बंद होते. मेचा शेवटचा आठवडा म्हणजे हंगामातला शेवटचा पैसा. बर्फ भरलेला, डिझेल घातलेलं, नेपाळी खलाशी गावी जायच्या तयारीत, आणि बोट मिरकरवाड्याच्या नाहीतर हर्णैच्या बंदरात उभी. त्या दिवसांचं नुकसान कुणी भरून द्यायचं हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचा राग चंद्रावर काढून उपयोग नाही. दुसरा प्रश्न निरोपाचा. किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज जाते, आणि अंदाज कितीही अचूक असला तरी बोटीपर्यंत पोचत नाही. याच कामासाठी इस्रोने ट्रान्सपाँडर बनवला आहे. त्यावरून उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी छोटे संदेश जातात. देशभरात एक लाख बोटींवर ते बसवायची योजना ३० ऑगस्ट २०२४ ला आपल्याच पालघरमध्ये जाहीर झाली. तुमच्या बंदरात किती बोटींवर तो बसला, बसला त्यातले किती चालू आहेत, आणि त्यावर येणारा निरोप खलाशाला वाचता येतो का, हे विचारणारा फॉरवर्ड कुणी काढला तर मी स्वतः तो पुढे पाठवीन.