वाटाघाटीच्या खोलीचं दार उघडं ठेवण्याचा प्रश्न

१३ डिसेंबर २०२३. दुबईत संयुक्त राष्ट्रांच्या वार्षिक हवामान परिषदेत अध्यक्षांनी हातोडा आपटला, ठराव मंजूर झाला आणि सभागृह टाळ्या वाजवायला उभं राहिलं. त्या क्षणी ३९ छोट्या बेटराष्ट्रांच्या गटाचे प्रतिनिधी आत नव्हतेच. मसुद्यावर आपापसांत भूमिका ठरवून ते सभागृहाकडे येत होते. समोआच्या ॲन रासमुसेन यांनी नंतर भर सभेत हे सांगितलं. त्यांच्या भाषणालाही लोक उभे राहिले, जोरदार टाळ्या पडल्या. ठराव मात्र होता तसाच राहिला.

हे घडू शकतं, कारण या परिषदेत मतदान नाही. १९९५ मध्ये बर्लिनला पहिली परिषद भरली तेव्हापासून मतदानाचा नियम, म्हणजे मसुद्यातला नियम क्रमांक ४२, मंजूरच झालेला नाही. सगळं चालतं ते सहमतीवर. सहमती झाली की नाही हे ठरवतात अध्यक्ष: सभागृहावर नजर फिरवायची, हरकत दिसली नाही की हातोडा. २०१० मध्ये कानकूनला बोलिव्हियाने ठणकावून विरोध केला, तरी हातोडा पडला. २०२४ मध्ये अझरबैजानच्या बाकूत भारताने मंजुरीआधी बोलायचं असल्याचं कळवलं होतं. तिथेही हातोडा आधी पडला आणि निषेध नंतर नोंदवावा लागला. कागदावर प्रत्येक देशाला नकाराधिकार आहे. प्रत्यक्षात तो वापरायला त्या मिनिटाला खोलीत माणूस लागतो, आणि नंतर मदत आटली तरी तग धरण्याची ताकद लागते.

खोलीत माणूस असणं ही बारीकसारीक बाब वाटते, पण सगळा अन्याय तिथूनच सुरू होतो. परिषद दोन आठवड्यांची, विषय डझनावारी. प्रत्येक विषयाचा एक संपर्क गट. त्याखाली अनौपचारिक चर्चा, ज्या दोन सूत्रधार चालवतात, एक श्रीमंत देशातला, एक विकसनशील देशातला. तिथे मसुदा तयार होतो. ज्या शब्दांवर एकमत नाही ते चौकटी कंसात जातात आणि मग रात्र-रात्र एकेक कंस सोडवत बसतात. एका वेळी सहापेक्षा जास्त बैठका नकोत, संध्याकाळी सहाला काम थांबवावं अशा शिफारशी आहेत. दुसऱ्या आठवड्यात त्यांचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शंभर-दोनशे माणसं आणलेला देश पाळ्या लावतो. चार-पाच जणांच्या शिष्टमंडळाला तीन खोल्या सोडून एक निवडावी लागते. पहाटे तीन वाजता अर्थसाहाय्याच्या परिच्छेदातला कंस सुटतो, तेव्हा त्यांचा एकमेव तज्ज्ञ अनुकूलनाच्या, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याच्या, बैठकीत असतो, नाहीतर खुर्चीत डुलक्या घेत असतो.

इथे नागरी संघटनांचं खरं काम सुरू होतं. बाहेरच्या जगाला फलक आणि घोषणा दिसतात. आतलं काम निराळं असतं: कुठल्या खोलीत काय चाललंय याच्या नोंदी, कालच्या आणि आजच्या मसुद्यात कुठला शब्द गळला याची तुलना, आणि सकाळच्या गटबैठकीआधी ते प्रतिनिधींच्या हातात. थर्ड वर्ल्ड नेटवर्क असे रोजचे वृत्तान्त वर्षानुवर्षं काढत आलं आहे. लीगल रिस्पॉन्स इंटरनॅशनल गरीब देशांच्या वाटाघाटीकारांना मोफत कायदेशीर सल्ला देते. बेटराष्ट्रांच्या गटाला सुरुवातीच्या काळात कायद्याचं बळ मिळालं तेही लंडनच्या एका बिगरसरकारी संस्थेकडून. म्हणून निरीक्षकांना, म्हणजे मान्यता घेऊन आलेल्या या संघटनांना, बाहेर काढलं की संघटनांचा आवाज तर जातोच, पण त्याहून मोठा तोटा होतो तो लहान शिष्टमंडळांचा. त्यांचे उसने डोळे-कान जातात.

आणि दार बंद करणं फार सोपं आहे. १९९८ च्या निर्णयानुसार संपर्क गटात निरीक्षकांना बसता येतं, पण हजर देशांपैकी एक तृतीयांशांनी हरकत घेतली तर नाही, आणि सूत्रधार मधेच कधीही बैठक बंद करू शकतो. अनौपचारिक चर्चांची तर किमान पहिली आणि शेवटची बैठक खुली ठेवता येईल, एवढीच मुभा. खरी देवघेव होते ती या दोन्हींच्या मधे. कोपनहेगनला २००९ मध्ये पंधरा हजारांच्या जागेसाठी सुमारे ४५ हजारांनी नोंदणी केली होती. शेवटच्या दिवसांत मोजके निरीक्षक सोडून बाकीच्यांना बाहेर ठेवलं. त्याच दिवसांत दोन-अडीच डझन देशांनी एका खोलीत करार लिहिला आणि उरलेल्यांपुढे ठेवला. तुवालू, बोलिव्हियासारख्यांनी विरोध केल्यामुळे परिषदेने त्याची फक्त नोंद घेतली.

आता पैसा. बाकूत ठरलं की २०३५ पर्यंत वर्षाला किमान ३०० अब्ज डॉलर. विकसनशील देशांची मागणी १.३ लाख कोटींची होती. ती रक्कम ठरावात आली, पण सगळ्यांना आवाहन या स्वरूपात, म्हणजे कुणाच्याच अंगावर नाही. ३०० अब्जांचं वाक्य नीट वाचा. विकसित देश 'पुढाकार घेतील', आणि पैसा येईल सार्वजनिक, खासगी, द्विपक्षीय, बहुपक्षीय अशा नाना मार्गांनी. २०१५ च्या पॅरिस कराराच्या कलम ९ मध्ये देण्याचं थेट बंधन विकसित देशांवर आहे. इथे ते पातळ झालं. त्यात कर्ज की अनुदान याचं प्रमाण ठरलेलं नाही. आधीच्या १०० अब्जांच्या वचनाचा अनुभव समोर आहे. ते २०२० पर्यंत पाळायचं होतं. श्रीमंत देशांच्या संघटनेच्याच, म्हणजे ओईसीडीच्या हिशेबाने ते पहिल्यांदा २०२२ मध्ये पूर्ण झालं, आणि त्यातल्या सार्वजनिक पैशांपैकी सुमारे ६९ टक्के कर्ज होतं. ज्याने वादळ आणलं नाही त्याने छप्पर कर्ज काढून शाकारायचं, असा हा न्याय.

हवामान बदलामुळे झालेल्या नुकसानीसाठीच्या, म्हणजे हानी-नुकसान निधीची गोष्टही तशीच. वानुआतूने बेटराष्ट्रांच्या वतीने विमा निधीची कल्पना मांडली १९९१ मध्ये. निधी मान्य झाला २०२२ मध्ये, शर्म अल-शेखला. मधल्या काळात पॅरिस करारासोबतच्या निर्णयात परिच्छेद ५१ घातला गेला: करारातल्या हानी-नुकसानाच्या कलमातून दायित्व किंवा भरपाईचा आधार निघत नाही. दुबईत निधी सुरू झाला तेव्हा सगळी वचनं मिळून ७० कोटी डॉलरच्या आसपास होती, त्यात अमेरिकेचे पावणेदोन कोटी.

प्रवेशाचं गणितही बघा. संघटनेला मान्यता हवी तर नोंदणीचे कागद, नफा न कमावण्याचा पुरावा, घटना हे सगळं परिषदेच्या सचिवालयाकडे पाठवायचं, आणि ते परिषदेतच मंजूर होतं. म्हणजे वर्षभराची तयारी. मग प्रवेशाच्या बॅजचा मर्यादित कोटा. मग व्हिसा. मग निवारा: २०२५ मध्ये ब्राझीलच्या बेलेमला खोल्यांचे भाव असे भडकले की यजमानांना दोन क्रूझ जहाजं आणून उभी करावी लागली. याउलट देशाच्या शिष्टमंडळासोबत येणाऱ्या पाहुण्यांसाठी वेगळे बॅज असतात. किक बिग पोल्यूटर्स आउट या आघाडीच्या मोजणीनुसार बाकूत कोळसा, तेल आणि वायू उद्योगाच्या हितासाठी आलेले १,७७३ जण होते; हवामान बदलाचा सर्वाधिक धोका असलेल्या दहा देशांचे प्रतिनिधी सगळे मिळून १,०३३. या दारावर हितसंबंधांची चाळणी का नाही, याचं पटेल असं उत्तर आजवर मिळालेलं नाही.

बाहेरून दबाव आणायचा दुसरा रस्ता वानुआतूनेच दाखवला. पॅसिफिकमधल्या २७ कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये मोहीम सुरू केली, सरकारने ती उचलली, मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला आणि जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लामत दिलं की हवामानाचं रक्षण हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, आणि ते मोडल्यास भरपाईही द्यावी लागू शकते. आता परिच्छेद ५१ पुढे केला तर उत्तर द्यायला कागद आहे. मतदानाची मागणीही २०११ पासून पापुआ न्यू गिनी आणि मेक्सिकोने टेबलावर ठेवलीय. पण निव्वळ मतदानाने पैसा येणार नाही, देणारा उठून जाऊ शकतो. माझ्या मते तातडीचं आहे ते मधल्या बैठका खुल्या करणं आणि लहान शिष्टमंडळांच्या प्रवासनिधीला नियमित पैसा देणं, कारण आज तो ऐच्छिक देणग्यांवर चालतो.

ज्या संघटना यात उतरू पाहतात त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. नोव्हेंबरात, म्हणजे ऐन परिषदेत, मजकूर बदलणं जवळपास अशक्य असतं. सचिवालय विषयवार लेखी निवेदनं मागवतं, बरीचशी जूनमध्ये जर्मनीतल्या बॉनला होणाऱ्या तयारीच्या बैठकीआधी, आणि मान्यताप्राप्त निरीक्षकांची निवेदनंही संकेतस्थळावर चढतात. निवेदन दोन पानांचं असावं: परिच्छेद क्रमांक, सध्याचा मजकूर, सुचवलेला मजकूर, एका ओळीत कारण. मजकूर औपचारिकरीत्या फक्त देशच सुचवू शकतो, तेव्हा तेच पान आपल्या देशाच्या किंवा गटाच्या त्या विषयाच्या समन्वयकाला थेट पाठवा. सभागृहातल्या दोन मिनिटांच्या भाषणावर भिस्त ठेवू नका. निरीक्षकांची पाळी शेवटी येते, आणि वेळ संपला की तीच आधी कापली जाते.